सगळ्यात भारी अमेरिकन बँड कोणता? आधी हिशोबाची वही दाखवा!

आज पाणीपुरवठा नाही, खड्डे नाहीत, नगरपालिकेची सभा नाही. आज जरा लांबचा विषय घेतोय. अगदी अमेरिकेतला. पण शेवटपर्यंत वाचा, फार लांबचा वाटणार नाही.

२०२५ च्या जूनमध्ये दोन दिवसांच्या अंतराने अमेरिकेतले दोन मोठे संगीतकार गेले. ९ जूनला स्लाय स्टोन आणि ११ जूनला ब्रायन विल्सन. दोघंही ८२ वर्षांचे, दोघंही कॅलिफोर्नियात वाढलेले. एक 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' बँडचा प्रमुख, दुसरा 'बीच बॉईज'चा मेंदू. असं कोणी गेलं की एक जुना वाद परत डोकं वर काढतो. अमेरिकेतला आजवरचा सगळ्यात मोठा रॉक बँड कोणता?

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? अहो, आहे की! १९९१ नंतर केबलवर स्टार टीव्ही आला, एमटीव्ही आला, आणि आमची आख्खी पिढी त्यावर पोसली गेली. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर गिटार हातात घेतलेल्या प्रत्येक पोराने 'हॉटेल कॅलिफोर्निया' वाजवायचा प्रयत्न केलाय. त्यातले अर्धे आज या पोस्टखाली भांडायला येणार, हेही मला माहीत आहे. या, स्वागत आहे.

पण भांडणाआधी एक गोष्ट साफ करू. 'सगळ्यात चांगली गाणी कोणाची' आणि 'सगळ्यात चांगला बँड कोणता' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक लोक पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसऱ्याचं दिलं असं समजतात. गाणं एकटा माणूसही लिहितो. बँड म्हणजे चार-पाच माणसांनी एकत्र येऊन मांडलेला संसार. त्यात पैसा येतो, नाव येतं, रुसवेफुगवे येतात, शेवटी वकील येतात. त्यामुळे बँड मोजायचा तर नुसते कान पुरत नाहीत, हिशोबाची वही बघावी लागते. श्रेय कोणाला दिलं? पैसे कसे वाटले? एखादा आजारी पडला, थकला, तर त्याला कसं वागवलं? आणि दुकान वेळेवर बंद केलं का?

या चार प्रश्नांवर एकेक उमेदवार तपासू.

आधी 'अमेरिकन' शब्दावर दोघंतिघं बाद होतात. 'द बँड' हा बँड मनाने पक्का अमेरिकन, पण पाचपैकी चौघं कॅनडाचे. 'फ्लीटवूड मॅक' मुळात इंग्लंडचा, नंतर त्यात दोन अमेरिकन आले. जिमी हेंड्रिक्स अमेरिकेचा, पण त्याच्या 'एक्सपीरियन्स'मधले बाकीचे दोघं इंग्रज. यांना हात जोडून पुढे जाऊ.

ईगल्स. विक्रीवर निकाल लावायचा असेल तर वाद इथेच संपतो. त्यांच्या १९७१ ते १९७५ मधल्या निवडक गाण्यांचा जो अल्बम आहे, त्याला २०१८ मध्ये अमेरिकेत ३८ वेळा प्लॅटिनम दर्जा मिळाला. तिकडे एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख. म्हणजे झाले ३ कोटी ८० लाख, मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या वर. पण वही उघडली की वेगळंच दिसतं. १९८० च्या जुलैत लाँग बीचच्या कार्यक्रमात ग्लेन फ्राय आणि डॉन फेल्डर गाण्यांच्या मधे एकमेकांना, कार्यक्रम संपला की बघतो तुला, अशा धमक्या देत होते. बँड फुटला. १९९४ मध्ये पुन्हा जमला, आणि २००१ मध्ये फेल्डरला काढून टाकलं. प्रकरण कोर्टात गेलं, २००७ मध्ये आपसात मिटलं. ज्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'वर आपली हॉस्टेलं जगली, त्याची मूळ चाल याच फेल्डरची, बरं का. ज्याने चाल दिली तोच दाराबाहेर.

बीच बॉईज. तीन भाऊ, एक आतेभाऊ आणि एक मित्र. १९६६ चा 'पेट साऊंड्स' ऐकून बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला घाम फुटला होता, हे तो स्वतःच सांगत आलाय. ब्रायन विल्सनच्या प्रतिभेबद्दल शंकाच नाही. पण वही? वडील मरी विल्सन यांच्या ताब्यात गाण्यांचे हक्क होते. त्यांनी ते १९६९ मध्ये सुमारे सात लाख डॉलरला विकून टाकले. पुढे आतेभाऊ माइक लव्ह कोर्टात गेला, की मी शब्द लिहिले आणि माझं नावच घातलं नाही. १९९४ मध्ये ज्यूरीने ३५ गाण्यांवर त्याचा हक्क मान्य केला. तीस वर्षांनी! घरातल्या घरात.

आता माझ्या जिवाला सगळ्यात जवळचा उमेदवार. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, म्हणजे सीसीआर. कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटो गावची चार पोरं, शाळेपासूनची दोस्ती. १९६९ या एका वर्षात तीन अल्बम काढले आणि तिन्ही आजही ऐकले जातात. व्हिएतनाम युद्धात गरिबांची पोरं लढायला जातात आणि बड्यांची पोरं सुटतात, यावरचं 'फॉर्च्युनेट सन' हे गाणं त्यांचंच. ते २०२० मध्ये ट्रम्प यांच्या सभांमध्ये वाजायला लागलं, तेव्हा गाणं लिहिणाऱ्या जॉन फोगर्टीने कायदेशीर नोटीस पाठवली. नुसत्या गाण्यांवर निकाल लावायचा तर माझं मत डोळे झाकून सीसीआरला.

पण वही उघडली की पोटात तुटतं. सगळी गाणी जॉनची, सगळे निर्णय जॉनचे. १९७१ मध्ये त्याचा सख्खा भाऊ टॉम बाहेर पडला. १९७२ मध्ये सगळंच संपलं. गाण्यांचे हक्क रेकॉर्ड कंपनीकडे. करारातून सुटका हवी म्हणून जॉनने स्वतःच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. पुढची कित्येक वर्षं तो स्वतःचीच गाणी स्टेजवर गात नव्हता. आणि कळस म्हणजे, त्याने नवीन गाणं काढलं तर १९८५ मध्ये कंपनीने दावा ठोकला की हे तुझ्याच जुन्या गाण्याची चोरी आहे! जुन्याचे हक्क कंपनीचे ना. माणसावर स्वतःचीच नक्कल केल्याचा खटला. जॉन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला, वाजवून दाखवलं आणि जिंकला. वकिलाच्या खर्चाचा मुद्दा थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९९४ चा तो निकाल आज अमेरिकेतल्या कॉपीराइट कायद्यात दाखला म्हणून वापरतात.

टॉम १९९० मध्ये वारला. भावाभावांचं शेवटपर्यंत जुळलं नाही. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला, तर जॉनने उरलेल्या दोघांसोबत वाजवायला नकार दिला. २०२३ मध्ये गाण्यांच्या हक्कांचा मोठा वाटा अखेर त्याच्या हातात आला. सत्तरी उलटून गेल्यावर. गाणी अमर, पण चार मित्रांचं काय झालं ते बघा.

स्लाय अँड द फॅमिली स्टोन यांना मी खूप वरचं स्थान देतो. १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध, वर्णभेदावरून देश पेटलेला. अशा वेळी गोरे आणि कृष्णवर्णीय, बाया आणि पुरुष, सगळे एकाच स्टेजवर. ट्रम्पेट वाजवायला कृष्णवर्णीय बाई, ड्रमवर गोरा पोरगा. तो बँड दिसणं हीच एक राजकीय भूमिका होती. पण व्यसनाने प्रमुखाला गिळलं, कार्यक्रमांना वेळेवर येणं बंद झालं आणि १९७५ च्या सुमारास खेळ आटोपला.

इथे थांबून एक बोचरी गोष्ट बोललीच पाहिजे. 'सगळ्यात मोठा रॉक बँड' हा प्रश्नच मुळात थोडा कललेला आहे. रॉक जन्माला घातलं कृष्णवर्णीय कलाकारांनी. चक बेरी, लिटल रिचर्ड, आणि त्यांच्याही आधी इलेक्ट्रिक गिटार घेऊन चर्चची गाणी गाणारी सिस्टर रोझेटा थार्प. पण ही सगळी एकेकट्या नावाने ओळखली गेलेली माणसं. तुम्ही 'बँड' म्हटलंत की ती यादीतून आपोआप गळतात. आणि कृष्णवर्णीयांनी चमू बांधला की त्याला बाजार 'सोल' म्हणतो, 'फंक' म्हणतो, रॉक बँड म्हणत नाही. मग यादीत गोरेच उरतात यात नवल काय? थार्प १९७३ मध्ये वारली. तिला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली २०१८ मध्ये. यादी वाचताना हे डोक्यात ठेवा, एवढंच.

ग्रेटफुल डेड. तीस वर्षं, १९६५ ते १९९५, दोन हजारांहून जास्त कार्यक्रम. लोकांनी कार्यक्रम टेप केले तर आडवे आले नाहीत, उलट टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागा करून दिली. दिलदारपणात यांचा हात कोणी धरणार नाही. पण माझ्या शेवटच्या प्रश्नावर ते अडकतात. त्यांच्यामागे नोकरचाकर, कार्यालय, दौरे असा एवढा मोठा पसारा उभा राहिला की थांबणंच अवघड झालं. जेरी गार्सिया खंगत चालला होता, तरी दौरे चालू. १९९५ च्या ऑगस्टमध्ये व्यसनमुक्ती केंद्रात तो गेला. वय ५३.

मग उरतं कोण?

माझं उत्तर आहे आर.ई.एम. हसू नका, ऐकून घ्या.

जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं गाव आहे. न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही. विद्यापीठाचं गाव. पीटर बक तिथे रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता. मायकल स्टाइप हा कलाशाखेचा विद्यार्थी त्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून यायचा. माइक मिल्स आणि बिल बेरी हे मेकन गावचे शाळेपासूनचे मित्र. मेकन म्हणजे लिटल रिचर्डचं जन्मगाव, बरं का. ५ एप्रिल १९८० ला एका जुन्या, वापरात नसलेल्या चर्चमध्ये, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला या चौघांनी पहिल्यांदा वाजवलं. मग व्हॅनमध्ये सामान टाकून गावोगावचे छोटे क्लब पालथे घातले. १९८३ मध्ये पहिला मोठा अल्बम 'मर्मर' आला. शब्द नीट कळत नव्हते, तरी 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. समोर 'थ्रिलर' होता!

आता वही उघडा. प्रत्येक गाण्याखाली चारही नावं. बेरी, बक, मिल्स, स्टाइप. आडनावांच्या अद्याक्षरांच्या क्रमाने. चाल कोणाची का असेना, शब्द कोणाचे का असेनात, श्रेय चौघांचं आणि पैसे चौघांत सारखे. ड्रमर पण तेवढाच मालक. निर्णयात प्रत्येकाला नकाराचा अधिकार. एक जरी नको म्हणाला तरी ती गोष्ट व्हायची नाही. ऐकायला साधं वाटतं. पण वर सांगितलेली सगळी भांडणं परत बघा. ईगल्स, बीच बॉईज, सीसीआर, प्रत्येकाचं मूळ याच एका ओळीत आहे: गाण्याखाली नाव कोणाचं. यांनी तो प्रश्न पहिल्याच दिवशी मिटवून टाकला. पैसे नव्हते तेव्हा. पैसे आल्यावर वाटणी ठरवायला बसलं की काय होतं, ते आपण भाऊबंदकीत रोज बघतो.

दुसरं, गावाशी नातं. नाव झालं तरी बँडचं कार्यालय अथेन्समध्येच राहिलं. १९९२ च्या त्यांच्या गाजलेल्या अल्बमचं नाव 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'. हे कुठून आलं? अथेन्समधल्या वीव्हर डीज नावाच्या एका छोट्या खानावळीचं ते ब्रीदवाक्य. कृष्णवर्णीय मालकाची खानावळ. त्याला जाऊन रीतसर विचारलं आणि मग नाव घेतलं. ज्या धंद्यात सूर उचलून मूळ माणसाचं नावही न घेण्याची परंपरा आहे, तिथे हे छोटं नाही.

तिसरं, आणि पत्रकार म्हणून माझ्यासाठी सगळ्यात मोठं. अमेरिकेत मतदार यादीत नाव घालण्याची जबाबदारी मतदाराची स्वतःची. आपल्यासारखा बीएलओ घरी येत नाही. त्यामुळे तरुण आणि गरीब मोठ्या संख्येने यादीबाहेर राहायचे. ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच नाव नोंदवता यावं, असा कायदा व्हावा म्हणून मोहीम चालू होती. १९९१ मध्ये 'आउट ऑफ टाइम' अल्बम आला. तेव्हा सीडी उंच पुठ्ठ्याच्या खोक्यात विकायचे, बरंचसं वाया जाणारं वेष्टन. या लोकांनी त्या खोक्याच्या मागच्या बाजूला आपापल्या सिनेटरला पाठवायची मागणी छापली. कापा, सही करा, पाठवा. ज्या अल्बमच्या लाखो प्रती खपल्या त्याचं खोकं म्हणजे निवेदन! विधेयक मंजूर झालं, १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी नकाराधिकार वापरून ते अडवलं, आणि १९९३ च्या मे महिन्यात क्लिंटन यांनी त्यावर सही केली. एकट्या बँडमुळे कायदा झाला असं कोणी म्हणू नये. मोहीम बऱ्याच जणांची होती. पण स्टेजवरून नुसतं 'क्रांती, क्रांती' ओरडणारे भरपूर असतात. पुठ्ठ्याचा असा उपयोग सुचणारे थोडे.

याच अल्बममधलं 'लूझिंग माय रिलिजन' आपण सगळ्यांनी एमटीव्हीवर पाहिलंय. मेंडोलिनवरचं गाणं. नावावरून धर्मावर घसरू नका. अमेरिकेच्या दक्षिण भागात तो वाक्प्रचार आहे, डोकं फिरणं, तोल सुटणं अशा अर्थाचा. आणि त्याचा व्हिडिओ केला होता तरसेम सिंगने, आपल्या जालंधरच्या पोराने. १९९१ मध्ये एमटीव्हीचा वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार त्यालाच मिळाला.

चौथं, आजारी आणि थकलेल्या माणसाला कसं वागवलं. १ मार्च १९९५, स्वित्झर्लंडमधलं लोझान शहर. कार्यक्रम चालू असताना ड्रमर बिल बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. वाचला. १९९७ मध्ये तो म्हणाला, मला आता शेती करायची आहे. पण माझ्या जाण्याने बँड मोडणार असेल तर मी जात नाही. बाकीच्या तिघांनी त्याला मोकळं केलं. कोर्ट नाही, वकील नाही, मुलाखतीत चिखलफेक नाही. तो जॉर्जियात गवत पिकवायला लागला. बँडने पुढे ड्रम वाजवायला माणसं घेतली, पण बेरीची जागा अधिकृतपणे कोणालाच दिली नाही. स्टाइप तेव्हा म्हणाला होता की तीन पायांचा कुत्रा हासुद्धा कुत्राच असतो, त्याला फक्त वेगळं पळायला शिकावं लागतं.

आणि शेवटचं, दुकान बंद करणं. २१ सप्टेंबर २०११ ला त्यांनी जाहीर केलं की आम्ही थांबतोय. भांडण नाही, निरोपाचा दौरा नाही, 'शेवटची संधी' म्हणून महाग तिकिटं नाहीत. २०२४ च्या जूनमध्ये सॉन्गरायटर्स हॉल ऑफ फेमच्या सन्मानाला चौघं आले, बेरीसकट, एकच गाणं वाजवलं आणि घरी गेले. त्याच सुमारास मुलाखतीत विचारलं की परत एकत्र यायला काय लागेल, तर मिल्स म्हणाला, धूमकेतू!

आता विरोधी बाजूही मांडतो. बेरी गेल्यानंतरच्या अल्बममध्ये जुनी मजा उतरत गेली, हे खरं. २००४ चा 'अराउंड द सन' तर फसलाच. १९९६ मध्ये वॉर्नर कंपनीशी त्यांनी केलेला करार त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या करारांपैकी होता, म्हणजे हे कोणी फकीर नव्हते. आणि निव्वळ ताकदीने स्टेज हलवण्यात मेटालिका किंवा व्हॅन हेलन यांच्यापुढे ते फिके पडतील. कोणी म्हणेल, संगीताचा निकाल संगीतावर लावा, स्वभावावर कशाला? भांडणातूनच आग येते, गोडीगुलाबीने रॉक होत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला बिलकूल मान्य नाही. भांडण म्हणजे प्रतिभा, ही समजूत पोसणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागत नाही. ती टॉम फोगर्टीने मोजली, गार्सियाने मोजली. आपण फक्त कॅसेट विकत घेतली. आणि आर.ई.एम.ने दाखवून दिलं की सारखी वाटणी करूनसुद्धा तीस-एकतीस वर्षं चांगलं काम करता येतं, जगभर नाव होतं, आणि शेवटी एकमेकांच्या तोंडाकडे बघता येतं. निर्वाणाचा कर्ट कोबेन त्यांचा उघड चाहता होता. २०१४ मध्ये निर्वाणाला हॉल ऑफ फेममध्ये घेताना भाषण करायला उभा राहिला तो स्टाइपच.

म्हणून माझा निकाल असा: सगळ्यात चांगली अमेरिकन रॉक गाणी सीसीआरची, सगळ्यात धाडसी चमू स्लायचा, आणि सगळ्यात मोठा बँड आर.ई.एम.

आपल्याकडे मंडळं फुटतात, नाटक कंपन्या फुटतात, बचत गट फुटतात, पक्षांचं तर विचारूच नका. दर वेळी लोक म्हणतात, स्वभाव जुळले नाहीत. मी वीस वर्षं बातम्या देतोय, स्वभावामुळे फुटलेलं फार कमी पाहिलंय. पावतीवर नाव कोणाचं आणि खात्यावर सही कोणाची, इथेच सगळं अडतं. अथेन्सच्या चार पोरांनी ते खिशात दमडी नसताना ठरवून टाकलं. नवीन काही सुरू करणार असाल तर गाणी नंतर ऐका, हे आधी ठरवा.

चला, आता कमेंटमध्ये भांडा. फक्त बँडचं नाव लिहून पळू नका, वर दिलेल्या चार प्रश्नांची उत्तरं लिहा. मेटालिकावाले आणि गन्स अँड रोझेसवाले, तुम्हाला तर खास आमंत्रण. पाणीपुरवठ्याची पोस्ट उद्या सकाळी.